हॉटेलचं डीप क्लीनिंग पहिल्यांदा करून घेताना

आमचं हॉटेल ४८ खोल्यांचं. हाउसकीपिंगची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा आमच्या खोल्या स्वच्छच आहेत असा माझा ठाम समज होता. रोज चादरी बदलल्या जात, रोज बाथरूम धुतली जाई, सुपरवायझर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून बघत असे. मग पहिल्यांदाच बाहेरच्या एजन्सीला डीप क्लीनिंगसाठी बोलावलं. त्यांच्या दोघा मुलांनी पहिल्याच खोलीत पलंगाचा हेडबोर्ड भिंतीवरून उतरवला आणि मला हाक मारली. मागे धुळीची गोधडी तर होतीच, पण तिच्याखाली दोन तळहात मावतील एवढा ओलीचा डाग होता. पलीकडच्या बाथरूमचा पाइप पाझरत होता. रंगाचे पोपडे सुटले होते आणि गिलाव्यात बोट रुतत होतं. त्या खोलीत कुबट वास येतो ही तक्रार वर्षभर येत होती, आणि आम्ही वर्षभर रूम फ्रेशनर मारत होतो.

तेव्हापासून मी डीप क्लीनिंगला चकाकीचा खर्च समजत नाही. सामान हलवून मागे काय चाललंय ते बघायची ती संधी असते, सफाई त्याच ओघात होते. हे लिखाण ज्यांच्यावर हे काम नव्याने येऊन पडलंय त्यांच्यासाठी आहे: नवे हाउसकीपिंग सुपरवायझर, छोट्या हॉटेलांचे मॅनेजर, किंवा सगळं स्वतःच बघणारे मालक. आम्ही जिथे जिथे ठेचकाळलो त्या जागा मुद्दाम सांगते आहे.

१. ‘डीप क्लीनिंग’ म्हणजे काय काय, ते आधी कागदावर आणा

रोजच्या सफाईत एका खोलीला साधारण २५ ते ३० मिनिटं मिळतात. तेवढ्यात चादरी, कचरा, बाथरूम, पुसणं आणि खोली लावणं एवढंच बसतं. हात रोज त्याच जागांवरून फिरतो. जिथे फिरत नाही तिथे थर चढत जातात: पडद्याच्या दांडीवर, एसीच्या कॉइलवर, गादीच्या शिवणीत, कमोडच्या मागे, शॉवरच्या जाळीच्या आतून, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर, टाइल्सच्या फटींत, कार्पेटच्या मुळाशी.

डीप क्लीनिंगमध्ये या जागांसाठी खोली विक्रीतून काढतात, सामान हलवतात, जे सुटं होतं ते सुटं करतात. दोन माणसांना एका खोलीला तीन-चार तास सहज लागतात. कार्पेट वाळायचा वेळ त्यात धरलेला नाही.

पहिला खड्डा इथेच आहे. या शब्दाची ठरलेली अशी व्याख्या नाही, प्रत्येक एजन्सीचा अर्थ वेगळा असतो. आमच्या पहिल्या एजन्सीच्या लेखी ‘एसी सफाई’ म्हणजे फिल्टर नळाखाली धरणं. कॉइल आणि पाणी साठायचा ट्रे त्यांनी उघडलाही नाही, आणि करारात ते लिहिलेलं नसल्यामुळे आम्हाला काही बोलता आलं नाही. म्हणून ‘खोली डीप क्लीन करणे’ अशी एक ओळ कधीच मान्य करू नका. एकेक वस्तू लिहा, आणि तिच्यापुढे तिचं नेमकं काय करायचं तेही लिहा.

२. मालकांना पटवायचं असेल तर फायदे असे मांडा

‘खोल्या चकाचक होतील’ एवढ्यावर कोणी खर्चाला मंजुरी देत नाही. मला तरी मिळाली नाही. मंजुरी मिळाली ती खालच्या मुद्द्यांवर.

कार्पेट झिजतं ते मुख्यतः बारीक वाळूमुळे. बुटांबरोबर आलेली कच तंतूंच्या मुळाशी जाऊन बसते आणि वर पाय पडला की धागे कापत राहते. वरवरच्या व्हॅक्यूमने ती निघत नाही. दाराजवळचा आणि पलंगाच्या पायथ्याचा पट्टा आधी का विटतो, त्याचं कारण हेच. गरम पाणी दाबाने सोडून लगेच ओढून घेणाऱ्या मशीनने ही कच बाहेर येते आणि कार्पेट बदलण्याची वेळ पुढे ढकलली जाते.

एसीचा हिशेब सगळ्यांत सोपा, कारण तो विजेच्या बिलात दिसतो. तुंबलेला फिल्टर आणि मळलेली कॉइल यांतून हवा पुरेशी जात नाही, मशीन जास्त वेळ चालतं. नुसता घाण फिल्टर बदलून एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. ट्रेमधला बुळबुळीत थर काढला की निचऱ्याची नळी तुंबत नाही, म्हणजे रात्री दोन वाजता ‘एसीतून पाणी गळतंय’ असा फोन येत नाही. या दुसऱ्या फायद्याचा आकडा माझ्याकडे नाही, पण रात्रपाळीच्या मुलांना विचारा.

पाण्याचा मुद्दा सगळ्यांत गंभीर. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. त्यातले अनेक जण न्यूमोनियासारख्या आजाराने पडले, काही दगावले. पुढच्या वर्षी त्या आजाराचा जिवाणू सापडला आणि संघटनेच्या नावावरूनच त्याला लेजिओनेला हे नाव मिळालं. हॉटेलाला मात्र १९७६ संपायच्या आत दारं बंद करावी लागली. हा जिवाणू २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, क्षार आणि शेवाळी थराचा आसरा घेतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून शॉवरची जाळी दर तीन महिन्यांनी सुटी करून क्षार काढायचे आणि निर्जंतुक करायची. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची. जी खोली विकली जात नाही तिथले नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटं वाहू द्यायचे. मंद हंगामात आम्ही एक अख्खा मजला बंद ठेवत होतो आणि नळांचा विचारही कोणाच्या डोक्यात येत नव्हता. आता त्या मजल्याच्या जिन्यापाशीच तारखांचा तक्ता लावलाय.

स्वयंपाकघराच्या चिमणीचं काम बहुतेक वेळा ‘आपल्या खात्यात येत नाही’ म्हणून राहतं. हूडच्या जाळ्या रोज धुतल्या जातात, पण तेलकट किटण आतल्या डक्टमध्ये साठतं आणि तव्यावरचा भडका वर पोहोचला की ते पेटतं. अमेरिकेतल्या एनएफपीए ९६ या अग्निसुरक्षेच्या मानकात या डक्टच्या तपासणीचं वेळापत्रक दिलंय: लाकूड-कोळशावरचा स्वयंपाक असेल तर दर महिन्याला, चोवीस तास किंवा फार मोठ्या प्रमाणावर चालणारं स्वयंपाकघर असेल तर तीन महिन्यांनी, मध्यम कामाला सहा महिन्यांनी, अगदी कमी वापर असेल तर वर्षातून एकदा. तुमच्याकडचा स्थानिक नियम वेगळा असेल तर तो पाळा. काहीच नियम हाताशी नसेल तर हे वेळापत्रक धरून चाला.

आणि सुरुवातीला सांगितला तो फायदा: दडलेले बिघाड वेळेत दिसतात. पाझरणारे पाइप, फुगलेलं प्लाय, जळकट प्लग पॉइंट, ढेकणांचे पहिले काळे ठिपके. माझ्या मते डीप क्लीनिंगचे पैसे वसूल होतात ते इथेच.

३. पॅड आणि टॉर्च घेऊन हॉटेल फिरा

एजन्सीला फोन करण्याआधी हे स्वतः करा. मेंटेनन्सचा माणूस सोबत घ्या. प्रत्येक प्रकारची एकेक खोली उघडा आणि गुडघ्यावर बसून बघा, कारण पाहुणा पलंगावर पडून आणि कमोडवर बसून जे बघतो ते उभ्याने फिरणाऱ्या सुपरवायझरला दिसत नाही.

टिपताना जागेबरोबर ती कशाची बनलीय हेही टिपा. फरशी संगमरवराची की विट्रिफाइड? कार्पेट लोकरीचं की नायलॉनचं? सोफ्याच्या गादीखाली शिवलेलं लेबल शोधा. बऱ्याच कापडांवर एक अक्षर असतं: डब्ल्यू म्हणजे पाण्याचं क्लीनर चालेल, एस म्हणजे फक्त सॉल्व्हंट, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, आणि एक्स म्हणजे फक्त व्हॅक्यूम. एक्सच्या सोफ्यावर कोणी फेसाची बादली ओतली तर पाण्याच्या कडांचे डाग कायमचे.

शेवटी ज्या गोष्टी सफाईने सुधारणारच नाहीत त्यांची वेगळी यादी करा. टबच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉन हे नेहमीचं उदाहरण. बुरशी त्याच्या आत शिरलेली असते. घासून वरचा रंग उतरतो आणि पंधरवड्यात पुन्हा काळं होतं. ते कापून नवं भरायचं, आणि तेही त्याच दिवशी, खोली बंद आहे तोवर.

४. खोल्या कधी ब्लॉक करायच्या

सगळं हॉटेल एकदम करून घ्यायचा मोह होतो. नका करू. रोज दोन खोल्या, आठवड्यातले मंदीचे चार दिवस, असं धरलं तर ४८ खोल्यांना सहा आठवडे लागतात. वर्षातून दोन फेऱ्या म्हणजे बारा आठवडे. बाकीचं वर्ष मोकळं राहतं आणि गर्दीचा हंगाम सहज टाळता येतो.

खोल्या निवडताना शेजारशेजारच्या किंवा वरखालच्या घ्या. मशीनचा आवाज एकाच कोपऱ्यात राहतो, आणि एका बाथरूमची गळती दुसऱ्या खोलीच्या छताला दिसते का तेही लगेच कळतं.

फ्रंट ऑफिसशी एक गोष्ट लेखी ठरवा: कार्पेट धुतलेली खोली त्या रात्री विकायची नाही. हे मी अनुभवातून सांगते. एकदा अचानक गर्दी झाली आणि दुपारी धुतलेली खोली रिसेप्शनने रात्री नऊला देऊन टाकली. पाहुण्यांचे मोजे ओले झाले, त्यांनी खोली बदलून मागितली, आणि बदलून द्यायला खोली नव्हती. नीट पाणी ओढून घेतलेलं कार्पेट पंखे लावून सहा ते बारा तासांत वाळतं. ते २४ ते ४८ तास ओलं राहिलं तर बुरशी धरायला लागते, म्हणजे सफाई करून आपणच वास पेरल्यासारखं होतं. सिस्टिममध्ये खोली नुसती ‘डर्टी’ म्हणून ठेवू नका, ‘आउट ऑफ ऑर्डर’ टाका आणि ती मोकळी करायचा अधिकार फक्त हाउसकीपिंगकडे ठेवा.

५. एजन्सीकडून काय मागायचं

बोलघेवडी माणसं खूप भेटतील. कागद मागितला की निम्मी गळतात.

- प्रत्येक वस्तूची कामाची पद्धत: कुठलं मशीन, कुठलं रसायन, किती वेळ
- वापरायच्या प्रत्येक रसायनाचं सेफ्टी डेटा शीट. यात १६ विभाग असतात. निदान प्रथमोपचार, साठवण आणि कशात मिसळू नये हे तीन वाचा
- नुकसानभरपाईचा आणि कामगारांच्या अपघाताचा विमा, मुदत संपलेली नाही ना हे बघून
- येणाऱ्या माणसांची ओळखपत्रं आणि पडताळणीचे कागद. तुम्ही त्यांच्या हातात खोल्यांच्या किल्ल्या देणार आहात
- उंचावर काम असेल, उदाहरणार्थ लॉबीचं झुंबर किंवा बाहेरच्या काचा, तर शिडी, पट्टे आणि परवानगीची व्यवस्था
- डक्ट आणि पाण्याच्या टाक्यांसाठी काम झाल्याचा दाखला आणि आधी-नंतरचे फोटो

मग म्हणा, ‘एक खोली करून दाखवा.’ तिचे पैसे द्या, फुकट मागू नका. फुकटच्या खोलीत ते त्यांची सर्वांत चांगली माणसं पाठवतात आणि नेहमीच्या कामाला दुसरीच येतात. त्या दिवशी मधूनच न सांगता खोलीत डोकवा. बाथरूमचं फडकं आणि टेबलाचं फडकं वेगळ्या रंगाचं आहे का? बहुतेक ठिकाणी शौचालयासाठी लाल रंग ठेवतात. रंग कुठलाही असो, पण विचारल्यावर मुलाला तो सांगता आला पाहिजे. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर आहे का? खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. साध्या पिशवीचा व्हॅक्यूम बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो आणि दोन तासांनी ती धुतलेल्या पडद्यांवर बसते.

आपल्या माणसांनाही आधी विश्वासात घ्या. आमच्याकडे बाहेरची एजन्सी येणार म्हटल्यावर सगळ्यांत जुन्या मावशी दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘मॅडम, मग आम्ही रोज करतो ते काय?’ मी त्यांनाच तपासणीला सोबत घेतलं. त्यांनी पहिल्या तासाभरात एजन्सीच्या ज्या चुका काढल्या त्या मला आठवडाभरात दिसल्या नसत्या.

६. रसायनं: सगळ्यांत महागड्या चुका इथे होतात

ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. टॉयलेट क्लीनर बहुतेक ॲसिडचे असतात. त्यावर ब्लीच ओतलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि हॉटेलचं बाथरूम म्हणजे बिनखिडकीची छोटी पेटी. ब्लीच आणि अमोनिया यांचंही तेच, त्यातून क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. माणसं मुद्दाम मिसळत नाहीत. एकाने सकाळी कमोडमध्ये ॲसिड सोडलेलं असतं आणि दुसरा दुपारी ब्लीच घेऊन येतो. म्हणून एका बाथरूमचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाकडे ठेवा.

संगमरवर आणि ॲसिड हे दुसरं वैर. नळावरचे पांढरे डाग क्षारांचे, आणि ते काढायला ॲसिडच लागतं. पण संगमरवर मुळात कॅल्शियम कार्बोनेटचाच, म्हणजे डाग आणि दगड एकाच घराण्यातले. ॲसिड दोघांनाही खातं. लॉबीच्या वॉशरूममधल्या आमच्या काळ्या संगमरवरी ओट्यावर नळाभोवती थाळीएवढं धुरकट वर्तुळ उमटलं ते असंच. नळ आरशासारखा झाला आणि दगड मेला. पुसून ते जात नाही, डायमंड पॅडने पुन्हा पॉलिश करावं लागतं. व्हिनेगर ‘घरगुती’ म्हणून निर्धोक वाटतं, पण संगमरवराला तेही चालत नाही. नळाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर क्लीनर लावा, किंवा नळाची जाळी काढून बाजूला भिजत घाला. दगडावर फक्त न्यूट्रल, म्हणजे ॲसिडही नाही आणि अल्कलीही नाही असं, क्लीनर.

तिसरी चूक गैरसमजाची: जास्त टाकलं की जास्त स्वच्छ. लेबलवर एकास वीस लिहिलं असेल तर पाच लिटर पाण्यात २५० मिली, बस. जादा साबण कार्पेटमध्ये राहतो, चिकट होतो आणि धूळ ओढून घेतो. ‘धुतल्यापासून कार्पेट लवकर मळतंय’ असं वाटायला लागलं तर कारण बहुधा हेच असतं. माप मारायचे डबे द्या. अंदाजपंचे टोपणाने ओतायची सवय एकदा लागली की मोडत नाही.

निर्जंतुक करणारं द्रावण फवारून लगेच पुसलं तर त्याने काहीच साधत नाही. लेबलवर जितकी मिनिटं लिहिलीत तितकी ती जागा ओली राहायला हवी. अनेक द्रावणांना दहा मिनिटं लागतात. आणि आधी मळ निघालेला हवा, कारण मळावर टाकलेलं क्लोरीन मळातच खर्ची पडतं. धुवा, मग निर्जंतुक करा, मग थांबा. हे थांबणं कामगारांना रिकामं बसल्यासारखं वाटतं, म्हणून तुम्हीच तो वेळ वेळापत्रकात दाखवा. एका बाथरूमला द्रावण लावून ठेवलं की तेवढ्यात पडदे उतरवायला घेता येतात.

आरशावर थेट फवारू नका. पाणी कडेने मागे उतरतं आणि पाऱ्याला काळी किनार धरते. फडक्यावर फवारा आणि पुसा.

७. कामाच्या दिवशी

खोली ताब्यात देण्याआधी स्वतः मोबाइलवर एक व्हिडिओ काढा: भिंती, फर्निचरच्या कडा, टीव्ही, आरसा, आधीचे ओरखडे. नंतरची भांडणं वाचतात. लिनन, मिनीबार, तिजोरी रिकामी करा आणि पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंची पिशवी दारातच ठेवा. पलंगाखालून काय काय निघतं याची तुम्हाला कल्पना नाही.

क्रम साधा आहे: वरून खाली, कोरडं आधी आणि ओलं नंतर, आतल्या कोपऱ्यातून दाराकडे. छत, दिवे, एसी, पडदे, भिंती, फर्निचर, गादी, बाथरूम आणि सगळ्यांत शेवटी कार्पेट. कोणी कार्पेटपासून सुरुवात करायला लागलं तर समजा, ही माणसं या कामात नवी आहेत.

एसीचं काम असेल तर आधी सर्किट ब्रेकर पाडा, नुसता रिमोट बंद करून भागत नाही. कॉइलवर दाबाने पाणी मारताना बाजूच्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर प्लास्टिक घट्ट बांधलंय का ते स्वतः बघा. कार्ड भिजलं की दोष कोणाचा हे ठरत नाही, भुर्दंड मात्र आपल्याला बसतो.

गादी उभी करून दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करा, शिवणी आणि बटणांचे खड्डे अरुंद तोंडाच्या नळीने. धुळीतल्या किड्यांच्या विष्ठेची अनेकांना ॲलर्जी असते आणि ती याच खाचांत साठते. गादीवर पाणी कमीत कमी. आत गेलेली ओल बाहेर यायला दिवस लागतात. परत ठेवताना डोक्याची बाजू पायाकडे करा आणि कोपऱ्यावर तारीख लिहिलेली पट्टी शिवून घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा फिरवताना कोणाला आठवण्याची गरज पडत नाही.

पडदे लाँड्रीत टाकण्यापूर्वी ते आग न पकडणारे आहेत का हे कागदपत्रांत तपासा. काहींवरचं संरक्षक लेपन धुण्याने उतरतं आणि पुन्हा करून घ्यावं लागतं.

धूळ आणि वाफेमुळे स्मोक डिटेक्टर वाजू नये म्हणून त्यावर टोपण घालतात. घालायला हरकत नाही, पण घालण्याआधी फायर पॅनेल बघणाऱ्या माणसाला कळवा आणि टोपणं मोजून द्या. संध्याकाळी तितकीच परत आली पाहिजेत. एक कमी भरलं तर कुठल्या तरी खोलीत पाहुणा झोपलेला असेल आणि वरचा डिटेक्टर आंधळा असेल.

८. ढेकूण दिसले तर

काम तिथेच थांबवा. गादीच्या शिवणीत किंवा हेडबोर्डमागे पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे ठिपके, गंजासारखे डाग, फिकट कात टाकलेली सालं ही खूण. त्या खोलीचं सामान आणि लिनन बाहेरच्या पॅसेजमध्ये काढू नका, तिथल्या तिथे पिशव्यांत बांधा. व्हॅक्यूमची पिशवीही बांधून लगेच बाहेर टाका. दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या-खालच्या खोल्या तपासा आणि कीटकनियंत्रणवाल्यांना बोलवा. डीप क्लीनिंग हा ढेकणांवरचा इलाज नाही. त्यात ते लवकर सापडतात, आणि एका खोलीत असताना सापडणं व सहा खोल्यांत पसरल्यावर सापडणं यात फार अंतर आहे.

९. काम ताब्यात घेताना

एजन्सीच्या सुपरवायझरसमोर, दिवसाउजेडी, पांढऱ्या टिश्यूने तपासा. माझ्या ठरलेल्या जागा: दाराच्या चौकटीची वरची कड, एक्झॉस्ट फॅनच्या पात्याची पाठ, कमोडच्या बिजागऱ्या, ड्रॉवर बाहेर काढून त्याच्या खालची फळी, रिमोटच्या बटणांमधली जागा. एक्झॉस्ट चालू करून जाळीवर टिश्यू धरा. चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय.

काही एजन्स्या एटीपी मीटर घेऊन येतात. काजव्यात असतं तशाच एन्झाइमवर ते चालतं: जागेवर सेंद्रिय अंश राहिला असेल तर नमुना उजळतो आणि मीटर आकडा दाखवतं. उपयोगी आहे, पण भुलू नका. तो आकडा विषाणूंबद्दल काही सांगत नाही, आणि एका कंपनीच्या मीटरचा आकडा दुसऱ्याशी ताडता येत नाही. त्याच मीटरने सफाईच्या आधी आणि नंतर मोजलं तरच त्याला अर्थ आहे.

जे राहिलंय त्याची यादी करा, दोघांच्या सह्या घ्या, बिल त्यानंतर. दडलेले बिघाड वेगळ्या रकान्यात लिहून मेंटेनन्सला द्या. प्रत्येक खोलीला रजिस्टरात एक पान ठेवा: तारीख, काय केलं, काय सापडलं, गादी कधी फिरवली, शॉवर कधी उघडला. दुसऱ्या फेरीला हीच पानं एजन्सीपुढे ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खोली विक्रीला देण्याआधी, आत जा. कार्पेटवर तळहात दाबून बघा, फक्त वरवर फिरवू नका. डिटेक्टरकडे नजर टाका. मग दार लावा, एसी सुरू करा आणि पाच मिनिटं काहीही न करता पलंगाच्या कडेवर बसा. रसायनाचा वास अजून येतोय का, नळ ठिबकतोय का, एसी खडखडतोय का, सगळं त्या पाच मिनिटांत समजतं. त्यानंतरच रिसेप्शनला फोन करून सांगा, ‘खोली मोकळी आहे.’